दप्तरातले कांदे

मी पोटासाठी शाळेच्या पोरांचा ऑटो चालवतो आणि हौसेसाठी मरतो. गणपतीत आमच्या गावात दरवर्षी नाटक बसतं, आणि त्यात कुणी मरणारं असलं की ती भूमिका न विचारता माझ्याकडे येते. म्हातारा बाप असो, फौजी असो की दारुडा, मरायचं असेल तर मलाच बोलावतात. श्वास कोंडून डोळे फिरवायची कला मला उपजतच आहे. एकदा मी इतका बेमालूम मेलो की पहिल्या रांगेतल्या एका आजीबाई उठल्या आणि त्यांनी माझ्या तोंडात तांब्याने पाणी ओतलं. मला ठसका लागला आणि नाटक तिथेच संपलं. बी. ए. मराठी करून ऑटो चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला एवढंच यश आलं असेल तर ते मी का लपवावं?

आमचं गाव आसेगावच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून जरा आत. गावातली पोरं सकाळी आसेगावच्या शाळेत न्यायची आणि दुपारी परत आणायची, हा माझा धंदा. एक दिवस शाळेत पोरांचे डोळे आणि दात तपासायला जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर आले होते. मी बाहेर ऑटोत पेपर वाचत बसलो होतो. हेडमास्तर एका मॅडमना घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “हा बघा मॅडम, मी म्हटलं तो माणूस. फार छान मरतो.”

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आमच्या मुलांना शरीरातली सगळी हाडं पाठ आहेत,” त्या म्हणाल्या, “पण रोग्याशी बोलायची वेळ आली की जमिनीकडे बघतात. खऱ्या आजारी माणसावर हे शिकवायचं म्हणजे त्याच्या जिवाला ताप. म्हणून मला तुमच्यासारखी माणसं हवीत. आजाराचं सोंग घ्यायचं, मुलांना प्रश्न विचारू द्यायचे आणि नंतर कोण कसं बोललं ते स्पष्ट सांगायचं.”

“स्पष्ट मंजे किती स्पष्ट?” मी विचारलं.

“तुम्हाला वाटेल तेवढं.”

एवढी मोकळीक मला घरात कधी मिळाली नव्हती. मी लगेच हो म्हटलं. अट एकच होती. काय सोंग आहे ते कुणाला सांगायचं नाही, नाहीतर मुलांचा पेपर फुटेल. आमच्या बायकोला सांगितलेली गोष्ट दळण घेऊन गिरणीवर जाते आणि पिठाबरोबर घरोघर पोचते. म्हणून तिला मी एवढंच सांगितलं की कॉलेजात प्रोग्राम आहे.

सोंग असं होतं: मी ड्रायव्हर आहे, मला दोन महिन्यांपासून फिट येते, धंदा जाईल या भीतीने मी हे बायकोपासूनही लपवलं आहे. शेवटची गोष्ट पटकन सांगायची नाही. पोरगं नीट वागलं, आपुलकीने विचारलं, तरच सांगायची. ड्रायव्हरचं काम ड्रायव्हरला दिलंय म्हणून मला आधी जरा वाईट वाटलं, पण मोठमोठ्या नटांनाही साच्यात अडकवतातच.

कॉलेजातल्या त्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात मॅडम. पोरं एकेक करून येत होती. पहिला आला तो मला ‘सर’ म्हणाला, दुसऱ्याने माझ्याऐवजी घड्याळाला प्रश्न विचारले. तिसरी एक उंच, चष्मेवाली, पुण्याकडची पोरगी होती. ती खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाली. वय? व्यवसाय? तक्रार? कधीपासून? दारू? तंबाखू? सगळं कागदाकडे बघून. मी म्हटलं, “बरं हाय.” तिने ‘बरं’ लिहून घेतलं. मी म्हटलं, “चालते असंच.” तिने तेही लिहून घेतलं. शेवटी धन्यवाद म्हणून ती उठली, आणि माझी फिट, माझा धंदा, माझी बायको सगळं माझ्याच पोटात राहिलं.

मॅडम म्हणाल्या, “काका, आता तुम्ही सांगा.”

माझा स्वभाव मुळात तापट. “पोरी,” मी म्हटलं, “तू माह्याकडं एकदा तरी पाह्यलं काय? मी ऑटो चालवता चालवता आरशातून पोट्ट्यायकडं पाह्यतो अन् तुले समोर बसलेला माणूस दिसून नाही राह्यला!”

तिच्या चष्म्याआड पाणी आलं. आपल्याला सोंग करायला बोलावलंय, पोरीला रडवायला नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी आवाज खाली आणला आणि तिला आमच्याकडचं एक गुपित सांगितलं. आमच्या भागातला माणूस पहिला जवाब कधीच खरा देत नाही. कसं काय विचारलं तर ‘मजेत’ म्हणतो, मागे कडब्याची गंजी जळत असली तरी. पहिला जवाब हा पाहुण्यापुढे ठेवायच्या पाण्यासारखा असतो. तो घ्यायचा आणि गप्प बसून राहायचं. मग कधीतरी दुसरा जवाब येतो, आणि तो खरा असतो.

“किती वेळ गप्प बसायचं?” तिने विचारलं.

“तुले कसंतरी वाटून राह्यलं तरी आणखी थोडा वेळ.”

दुपारी तिची दुसरी फेरी आली. कागद तिने टेबलावर पालथा ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, “काका, काय होतंय?” मी म्हटलं, “काही नाही, बरं हाय.” आणि ती थांबली. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी चपला घासत गेलं. पोरगी नुसती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या बघण्यात घाई नव्हती. खरं सांगतो, सोंग आहे हे माहीत असूनही मला बोलावंसं वाटलं. मी तिला सगळं सांगितलं. फिट सांगितली, धंदा सांगितला, बायकोला सांगितलं नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, “एकट्याने वागवलंत एवढं?” आणि मी इतका खूश झालो की कुणी सांगितलेलं नसताना तिला बक्षीस म्हणून एक फिट देऊन टाकली.

खुर्चीवरून जमिनीवर, डोळे पांढरे, हातपाय ताठ, तोंडाला थोडा फेस. माझ्या आजवरच्या कामात ते काम सगळ्यात सरस होतं. मॅडम ओरडल्या, बाहेर थांबलेली सगळी पोरं आत घुसली, दार सताड उघडं पडलं. आणि त्या उघड्या दारातून आमच्या गावचे किराणा दुकानवाले चाचा माझ्याकडे बघत होते. ते चाचींचे डोळे तपासायला आले होते आणि खोली चुकून तिकडे भटकले होते.

मी डोळे उघडले तोवर चाचा गेले होते. मीही मजेत, शीळ वाजवत गावाकडे निघालो. मी वाटेत असताना माझी फिट मोबाइलवरून माझ्या पुढे निघून गेली होती.

आमच्याकडे बिमार पाहायला जाणं हे लग्नाला जाण्यापेक्षा मोठं कर्तव्य आहे. लग्न चुकलं तर माफी आहे, बिमार पाहायचा राहिला तर पिढ्यानपिढ्या ऐकून घ्यावं लागतं. मी घरापाशी पोचलो तेव्हा अंगणात सतरंजी अंथरलेली, त्यावर माणसं, ओट्यावर केळी आणि बिस्किटांचे पुडे. मला क्षणभर वाटलं, शेजारचं कुणी गेलं की काय. तेवढ्यात दोघांनी पळत येऊन मला ऑटोतून दंडाला धरून उतरवलं.

“हळू, हळू. चावी काढून घ्या त्याच्यापासून.”

बायको उंबऱ्यात उभी होती. डोळे लाल. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, “त्या कालच्या पोट्ट्यायले सांगतलं, अन् मले नाही सांगतलं?”

“अवं, ते नाटक होतं!”

“हो. अन् मी नटी होय.”

मी सतरंजीच्या मधोमध उभा राहून सगळं समजावून सांगितलं. कॉलेज, मॅडम, सोंग, पेपर फुटायची भानगड. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग चाचा पुढे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बेटा, तिथं खऱ्या बिमारायची लाइन रस्त्यापर्यंत लागेल हाय. त्यायले सोडून कॉलेजवाले खोटा बिमार बोलावतीन? अन् तोही आसेगावच्या इकडून?”

“चाचा, खुदा की कसम, मले फिट येत नाही!”

चाचांनी सगळ्यांकडे बघून मान हलवली. “असंच असते. ज्याले येते त्याले आठवतच नाही. माह्या सासऱ्याले शेवटपर्यंत मालूम नव्हतं.”

याच्यापुढे वकीलही काही करू शकला नसता. मी नाही म्हटलं की ते लक्षण ठरत होतं आणि चिडलो की ते जास्तीचं लक्षण. मग बिमार पाहायची रीत सुरू झाली. रीत अशी की पाहुण्याने केळी ठेवायची, ‘आता कसं वाटून राह्यलं’ म्हणायचं आणि त्याच आजाराने गेलेल्या एखाद्या माणसाची आठवण काढायची. एकाने सुरू केलं, “माह्या मावसभावालेही अशीच येत होती. लय हुशार माणूस. एक दिवस विहिरीच्या काठावर बसला...” बायकोने त्याच्याकडे असं काही पाहिलं की मावसभाऊ विहिरीच्या काठावरच राहिला. तेवढ्यात कुणीतरी जाहीर केलं की फिट आली की कांदा फोडून हुंगवायचा, आणि सगळ्या बायांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी पोरं भरली. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला थ्रेशर चालू होतं आणि भुसा उडून माझ्या नाकात गेला. मी ऑटो बाजूला घेतला, डोळे मिटले आणि जोरात शिंकलो. डोळे उघडले तर नाकासमोर कांदेच कांदे. मागच्या सगळ्या पोरांनी दप्तरात हात घालून कांदे काढले होते आणि एकमेकांना ढकलून माझ्या तोंडावर धरले होते.

“काका, हुंगा! आईनं सांगतलं!”

“माहा कांदा हुंगा काका, माहा मोठा हाय!”

एका पोराने तर दातांनी फोडून तयारच ठेवला होता. मी ओरडलो, मग हसलो, मग डोळ्यांत रस गेला म्हणून रडलो. माझ्या शेजारी पुढे बसणारी एक पोरगी होती. पाचवीतली, अबोल, गावाच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या बाईची. तिनेही दप्तरातून कांदा काढून माझ्यापुढे धरला होता, पण तिचा कांदा सुकलेला होता आणि त्याला हिरवा कोंब फुटला होता. मी म्हटलं, “हे काय, तुह्या कांद्याले तं पात आली. भाजी करतं काय याची?” ती कांदा परत दप्तरात ठेवून समोर बघत बसली.

त्यानंतर पोरं गळायला लागली. एक मामाच्या गावाला गेलं. दुसऱ्याच्या बापाला अचानक स्वतःच्या मोटारसायकलवर सोडायची हौस आली. तिसऱ्याला म्हणे पायी चालणं चांगलं असतं. आमची वऱ्हाडी माणसं तोंडावर बोलणारी. तू चोर आहेस असं वाटलं तर चहा पाजून तोंडावर सांगतील. पण या वेळी कुणीच तोंडावर बोलत नव्हतं. उलट सगळे फार गोड बोलत होते, आणि त्या गोड बोलण्याची मला भीती वाटायला लागली. त्यांची चूक नव्हती. पोरं त्यांची होती, आणि खरोखर फिट येणाऱ्याच्या गाडीत मीही माझं पोर बसवलं नसतं. पण मला येत नव्हती हो! ऑटोवर माझं घर चालत होतं, दुसरं मला काही येत नाही, आणि मरायचे पैसे गाव देत नाही.

शेवटी ऑटोत ती कोंबवाल्या कांद्याची एकच पोरगी उरली. रिकाम्या ऑटोत आम्ही दोघं धडधडत आसेगावला जायचो. तिची आई रोज तिला वेळेवर आणून बसवायची आणि काही न बोलता परत जायची. मी मनात म्हणायचो, ही बाई एक तर फार धीट आहे नाही तर हिला गावातली बातमीच पोचत नाही. रस्त्यात कुणी भेटलं की मी ऑटो थांबवून ओरडायचो, “मले फिट येत नाही! मी काय तसला माणूस हाय काय?” पोरगी शेजारी बसून ऐकायची.

मग मी कॉलेजात गेलो. मॅडमच्या टेबलासमोर उभा राहून म्हटलं, “मले ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट द्या.” पण ते लिहून घेता घेता मलाच उमगलं की याचा काही उपयोग नाही. बायकोने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, “ज्याले काही नसते तो सर्टिफिकेट कायले आणीन?” मी डोकं धरून खाली बसलो.

ती चष्मेवाली पोरगी तिथे होती. ती म्हणाली, “मॅडम, वाईट बातमी कशी सांगायची ते आपण शिकलोय. काकांना काही झालेलं नाही, ही तर चांगली बातमी आहे. ती आम्ही गावात जाऊन सांगतो.”

 “जा,” मॅडम म्हणाल्या. “मी मागे उभी राहीन. बोलायचं तुम्ही.”

ठरल्या दिवशी कॉलेजची बस मारुतीच्या पारापाशी थांबली. पांढरे कोट उतरलेले बघून गाव गोळा झालं, आणि सगळ्यांना खात्रीच पटली की माझं दुखणं हाताबाहेर गेलं आहे. दोघीतिघींनी पुन्हा केळी आणली. एका पोराने मेंदूचं मोठं चित्र टांगलं आणि सुरुवात केली, “अपस्मार हा मेंदूतील विद्युत लहरींमध्ये होणारा तात्पुरता बिघाड आहे.”

मागून एक म्हातारबा म्हणाले, “लायटीचं काम हाय तं लाइनमनले बोलवा ना.”

पोरगं घाबरलं. दुसऱ्याने सूत्रं हातात घेतली तर एकीने पुढे येऊन त्याला आपला गुडघा दाखवला. मग रांगच लागली. कुणाची कंबर, कुणाचं पित्त. माझ्या चांगल्या बातमीकडे कुणी ढुंकूनही बघेना. मी पाराच्या कडेला बसून दात खात होतो. ती चष्मेवाली माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “काका, पडाल का?”

“आता?”

“आत्ता. मला बघायचंय गाव काय करतं.”

कलावंताला दोनदा सांगावं लागत नाही. मी उठलो, दोन पावलं टाकली आणि पारासमोर धाडकन कोसळलो.

पुढे काय झालं ते मी डोळे पांढरे करून ऐकलं आणि अंगावर सोसलं. आधी एक चप्पल नाकाला लागली. वासावरून ती चाचांची होती. मग कुणीतरी कांदा फोडून नाकपुडीत कोंबला. कुणी मुठीत लोखंडी चावी दाबली, एक जण माझ्या पायांवर बसला, दुसरा दातात चमचा घालायची खटपट करत होता. बायको ओरडत होती, “मी सांगतलं होतं! मी सांगतलं होतं!” मला उठून पळावंसं वाटत होतं. पण मधेच उठलो असतो तर कामाला बट्टा लागला असता, म्हणून मी दात घट्ट मिटून थरथरत राहिलो.

“सरका ना बापा!”

आवाज इतका मोठा होता की माझ्या पायावरचा माणूस आपोआप उठला. ती चष्मेवाली ओरडली होती, आणि आमच्या बोलीत. एवढं तिने कधी शिकून घेतलं कोण जाणे. तिने चप्पल उचलून लांब फेकली, मला हळूच एका कुशीवर वळवलं आणि आपला पांढरा कोट घडी करून माझ्या डोक्याखाली सारला.

“हातपाय दाबून धरायचे नाहीत,” ती म्हणाली. “तोंडात काही घालायचं नाही, चमचाही नाही, पाणीही नाही. चप्पल नको, कांदा नको. असं कुशीवर ठेवायचं, आजूबाजूचं टोचणारं काढायचं आणि घड्याळ बघायचं. फिट आपली आपण थांबते. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. आणि तोपर्यंत जवळ बसायचं. बस.”

मग ती म्हणाली, “काका, उठा.” मी उठलो आणि सवयीने प्रेक्षकांना नमस्कार केला.

चाचा एका पायात चप्पल घालून पुढे आले. “बाई,” ते म्हणाले, “आता खरं सांगजा. याले हाय का नाही?”

ती त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “नाही. असती तर ऑटो चालवू नका म्हणून मीच त्यांच्या मागे लागले असते. तिथेही नाटक होतं, इथेही नाटक होतं.”

चाचांनी फेकलेली चप्पल शोधून पायात घातली. गावात बातमी त्यांनी आणली होती, त्यामुळे आता परत घ्यायची तर त्यांनाच घ्यावी लागणार होती. शेवटी ते गावाकडे वळून म्हणाले, “तं मंग हा ॲक्टर लय बेकार हाय. फिट आलेला माणूस असा पडते काय? मले तं पहिल्याच दिवशी शक आला होता.”

गाव खो खो हसलं. मोटारसायकलवाला बाप माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “उद्यापासून आमच्या पोट्ट्याले घेऊन जाजो, पेट्रोल लय लागून राह्यलं.” बायको केळ्यांचे घड परत द्यायला लागली, पण बिमाराला आणलेलं परत घेत नाहीत म्हणून कुणी घेईना. त्या दिवशी डॉक्टर होणाऱ्या सगळ्या पोरांनी पोटभर केळी खाल्ली.

गर्दी पांगली. मी पाराच्या मागे बादलीतल्या पाण्याने डोळ्यांतला कांदा धूत होतो. तेव्हा ती शिवणकाम करणारी बाई पोरीला घेऊन चष्मेवालीजवळ आली.

“तुम्हाला काही विचारायचं होतं का?” चष्मेवालीने विचारलं.

“नाही बाई, सहजच.”

मी ‘बोल ना वं’ म्हणणारच होतो. चष्मेवालीने माझ्याकडे न बघता हात वर केला आणि मला थांबवलं. मग ती पाराच्या पायरीवर बसली. बाईही बसली. कुणीच काही बोलेना. बसच्या ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला तरी चष्मेवाली हलली नाही. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“हिले येते,” ती शेवटी म्हणाली. “दोन वर्सं झाली. गावात कोणाले सांगतलं नाही. पोरीची जात हाय बाई. म्हनून दप्तरात कांदा ठेवला होता, कोणी पाह्यलं तं भाकरीसंगचा हाय म्हनता येते.”

पोरीने दप्तर उघडलं आणि कोंब आलेला तो कांदा काढून चष्मेवालीच्या हातात दिला. मी तोंड पुसायचं विसरून गेलो. मी त्या कांद्याची थट्टा केली होती, आणि रोज तिच्या शेजारी बसून ‘तसला माणूस’ म्हणून ओरडत होतो. मला फार वाईट वाटलं.

चष्मेवालीने मॅडमना हाक मारली. यावर गोळ्या असतात, नीट घेतल्या तर बहुतेक मुलांची फिट थांबते, शाळा सोडायची गरज नाही, असं त्या दोघी कितीतरी वेळ समजावत होत्या. कॉलेजात कोणत्या दिवशी यायचं ते ठरलं. मग बाई उठली आणि माझ्याकडे आली.

“भाऊ, तुमाले हाय असं आईकलं तं मले भेव वाटलं. पण पोरीले बंद कराचं मन नाही झालं. म्हटलं, आज याच्यासंग असं करून राह्यले, उद्या माह्या लेकीसंगही करतीन. अन् वाटलं, याले असलं तं हा हिले समजून घेईन.” तिने पोरीचा हात धरला. “आता तुमाले मालूम झालं. तुमाले तं नाही, हिलेच हाय. उद्या नेसान का तिले?”

अशा वेळी मला ओरडण्यावाचून दुसरं काही येत नाही.

“नेसान का मंजे? काहून नाही नेणार? रोजच्या जागेवर उभी ठेवजा! अन् उशीर केला तं मी कोणासाठी थांबत नसतो, आधीच सांगून ठेवतो!”

दुसऱ्या दिवशी ऑटो पूर्ववत गच्च भरला होता. पुढची जागा तेवढी रिकामी होती. मागून पोरं गलका करत होती, “काका, चला ना, बेल होईन!” रस्त्याच्या टोकाला ती पोरगी दप्तर सावरत पळत येताना दिसेपर्यंत मी थांबलो होतो.